झाडीपट्टींतील तलाव आणि विषुववृत्तावरचा वारा

झाडीपट्टींतील तलावांचा विषय निघाला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम तीन गोष्टींकडे जाते : तलाव कोणीं बांधला, केव्हां बांधला, आणि त्याबद्दल त्यास जमीन किती मिळाली. हें योग्यच आहे. परंतु याहून आधींचा एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. गोंदिया जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरीनें १३०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे पुणें शहराच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. एवढा पाऊस ज्या मुलखांत पडतो, तेथील शेतकऱ्यास गांवोगांवीं तलाव बांधण्याची दगदग कां करावी लागली? तलाव हें दुष्काळी मुलखाचें साधन अशी आपली सामान्य समजूत आहे. मग भाताच्या या आगरांत ते इतके दाट कां? पूर्व विदर्भांत मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. त्यांतील मोठा वांटा भंडारा व गोंदिया या दोन जिल्ह्यांकडे येतो. (१ मे १९९९ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच भंडारा जिल्हा होता.)

या प्रश्नाचें उत्तर पाळेच्या मातींत नाहीं व सनदेंतहि नाहीं. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यामध्यें हवेची व उष्णतेची जी अखंड ये-जा चालते, तींत तें आहे. ही ये-जा नीट ध्यानांत घेतल्यावांचून येथील दुष्काळांविषयीं जीं विधानें केलीं जातात त्यांतील खरीं कोणतीं व अर्धवट कोणतीं हें ठरवितां येत नाहीं. म्हणून ती प्रथम मांडतों.

सूर्याची उष्णता पृथ्वीवर सर्वत्र सारखी पडत नाहीं. विषुववृत्ताजवळ किरण उभे पडतात, ध्रुवांकडे तिरपे. उलट पृथ्वी आपल्या अंगची जी उष्णता आकाशांत टाकते, तिच्या बाबतींत विषुववृत्त व ध्रुव यांमधील तफावत एवढी मोठी नसते. परिणामीं दोन्ही गोलार्धांत सुमारें ३५ ते ४० अक्षांशांपर्यंत जमा जास्त व खर्च कमी, आणि त्यापलीकडे खर्च जास्त व जमा कमी, असा हिशेब दरसाल निघतो. तरीहि या तुटीपायीं ध्रुवप्रदेश अधिकाधिक गोठत जात नाहींत, याचें कारण इकडची शिल्लक तिकडच्या तुटीस पोहोंचविणारे दोन वाहक आहेत. एक समुद्राचे प्रवाह, दुसरा वारा.

वाऱ्याची ही कामगिरी प्रथम नकाशावर मांडली ती एडमंड हॅले यानें, इ. स. १६८६ सालीं. धूमकेतूमुळें ज्याचें नांव सर्वतोमुखीं आहे तोच हा. तापलेल्या भागावरील हवा हलकी होऊन वर चढते व तिची जागा भरण्यास दोन्ही बाजूंची थंड हवा धांवते, हें त्यानें बरोबर सांगितलें. परंतु ही हवा सरळ उत्तरेकडून वा दक्षिणेकडून न येतां पूर्वेकडून तिरपी कां येते, याचें त्याचें उत्तर टिकलें नाहीं. सूर्य पश्चिमेकडे सरकतो म्हणून हवा त्याच्या मागें ओढली जाते, असें त्यास वाटलें होतें. खरी किल्ली सांपडली ती लंडनचा एक वकील जॉर्ज हॅडली यास, इ. स. १७३५ सालीं. त्याचा निबंध अवघ्या कांहीं पानांचा आहे, आणि पुढें कित्येक दशकें त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

हॅडलीचा युक्तिवाद आपल्याच जिल्ह्याचे आंकडे घेऊन सांगतां येतो. पृथ्वी स्वतःभोवतीं पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरील जमीन तासाला सुमारें १६७० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे जाते. गोंदिया साडेएकवीस अक्षांशांच्या जवळ आहे. तेथील वर्तुळ लहान, म्हणून तेथील जमिनीचा वेग तासाला सुमारें १५५५ किलोमीटर. आतां गोंदियाच्या अक्षांशावरून जी हवा विषुववृत्ताकडे निघाली ती तेथील धांवत्या जमिनीच्या मानानें मागें पडते, आणि मागें पडणारी हवा आपणांस पूर्वेकडून आलेली भासते. हेच व्यापारी वारे. उलट विषुववृत्तावरून जी हवा गोंदियाकडे निघाली ती येथील जमिनीच्या पुढें धांवते, म्हणजे पश्चिमेचा वारा होते. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो त्याचें मूळ यांत आहे. हॅडलीनें हवा आपला वेग कायम राखते असें धरलें. वास्तविक कायम राहतो तो आंसाभोवतींचा फिरण्याचा जोर. त्यामुळें हा पुढें-मागें पडण्याचा परिणाम त्याच्या हिशेबाच्या सुमारें दुप्पट निघतो. जमिनीचें घर्षण त्यांतला बराच भाग खाऊन टाकतें, ही गोष्ट निराळी.

हॅडलीची दुसरी चूक अधिक महत्त्वाची. विषुववृत्तावर चढलेली हवा वरच्या वर थेट ध्रुवापर्यंत जाऊन तेथें उतरते असें त्यानें मानलें. तसें होत नाहीं, व होणें शक्यहि नाहीं. कारण वर सांगितलेला जोर राखीत ती जसजशी ध्रुवाकडे सरकते तसतसा तिचा पूर्वेकडील वेग इतका वाढतो कीं पुढची वाट खुंटते. ती सुमारें ३० अक्षांशांच्या आसपास खालीं बसते. उतरणारी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरास सुमारें १० सेल्सिअस अंशांनीं तापते व कोरडी पडते. सहारा, अरबस्तान येथील वाळवंटें या पट्ट्याच्या आश्रयानें पसरलीं आहेत तीं योगायोगानें नव्हेत. ३० अंशांपलीकडे उष्णता पुढें नेण्याचें काम एका सरळ चक्राचें राहत नाहीं. तेथें मोठमोठे भोवरे उठतात, ते आपल्या एका बाजूनें ऊन हवा ध्रुवाकडे लोटतात व दुसऱ्या बाजूनें थंड हवा खालीं सोडतात. मधल्या पट्ट्याच्या या वाऱ्यांची उपपत्ति अमेरिकेंतील विल्यम फेरेल यानें १८५६ सालीं मांडावयास आरंभ केला.

या भोवऱ्यांचा हात थंडीच्या दिवसांत गोंदियापर्यंत पोहोंचतो. भूमध्यसमुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ हिमालयावरून पुढें सरकला कीं त्याच्या पाठीमागून उत्तरेचा गार वारा मध्य हिंदुस्थानांत उतरतो. डोक्यावर उतरत्या हवेमुळें आकाश निरभ्र असतें, जमिनीची ऊब रात्रीं मोकळी निघून जाते, आणि विदर्भांतील नीचांकी तपमानाच्या नोंदींत गोंदियाचें नांव वारंवार झळकतें. हाच जिल्हा मे महिन्यांत ४५ अंशांपर्यंत तापतो. फेब्रुवारी-मार्चांत एखादा विक्षोभ बंगालच्या उपसागरावरील बाष्पास गांठतो तेव्हां गारपीट होते.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. वर चढणाऱ्या हवेचा पट्टा विषुववृत्तावर खिळलेला नसतो. तो सूर्याच्या मागोमाग, पण थोडा उशिरां, उत्तर-दक्षिण हिंडतो. समुद्रावर त्याची ही फेरी लहान असते. आपल्याकडे उत्तरेस आशिया खंडाची प्रचंड भूमि व तिबेटचें पठार असल्यामुळें ती फार लांब जाते. जुलैंत हा पट्टा राजस्थानपासून बंगालच्या उपसागराच्या शिरोभागापर्यंत पसरतो, म्हणजे गोंदियाच्या थोडा उत्तरेस. त्यास मोसमी द्रोणी म्हणतात. सूर्य गोंदियाच्या बरोबर डोक्यावर वर्षांतून दोन वेळां येतो : एकदां मेच्या शेवटच्या आठवड्यांत व पुन्हा जुलैच्या मध्यांत. पहिल्या वेळीं भूमि भाजत असते आणि पाऊस नसतो. दुसऱ्या वेळीं शेतांत रोवणी चाललेली असते.

जमीन तापली म्हणून समुद्रावरून वारा आला, एवढ्यानेंच मोसमी पावसाचा उलगडा होतो असें शाळेंत शिकविलें जातें. तसें असतें तर पाऊस मे महिन्यांत यावयास हवा होता, कारण जुलैपेक्षां मेमध्यें जमीन कितीतरी अधिक तापलेली असते. शिवाय ज्या वर्षीं पाऊस दगा देतो त्या वर्षीं जमीन नेहमींहून जास्तच तापते, तरी वारा येत नाहीं. यावरून हें उघड आहे कीं जमिनीचें तापणें हें निमित्त असलें तरी खरें कारण सर्व अभिसरणाचा पट्टाच उत्तरेस सरकणें हें होय. मेअखेरपर्यंत सुमारें १२ किलोमीटर उंचीवर हिमालयाच्या दक्षिण अंगानें जोरदार पश्चिमी वारा वाहत असतो. जूनमध्यें तो तिबेटच्या उत्तरेस निघून जातो, आणि वाट मोकळी होते.

मग दक्षिण गोलार्धांतील हवा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडते, हॅडलीच्या न्यायानें उजवीकडे वळते, आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येते. वाटेंत ती समुद्राचें पाणी उचलते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० उष्मांक लागतात; तेंच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापविण्यास अवघे शंभर. ही उष्णता वाफेंत दडून राहते व ढग बनतांना मोकळी होते. तिच्या जोरानें हवा आणखी वर चढते, आणि वरच्या थरांत पोहोंचल्यावर तिचा मोठा भाग परत दक्षिणेकडे, त्या काळीं हिवाळा असलेल्या गोलार्धाकडे, वाहूं लागतो. आमगांव-सालेकशाच्या डोंगरांवर जुलैंत जे ढग फुटतात, त्यांतली उष्णता अशा रीतीनें विषुववृत्तापलीकडे रवाना होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गोंदियास मात्र पश्चिमेकडचें बाष्प पुरेसें उरत नाहीं. सह्याद्रि त्यांतला मोठा भाग आधींच घेतो. येथला खरा दाता बंगालचा उपसागर. त्याच्या शिरोभागीं कमी दाबाचे भोवरे उठतात, ते द्रोणीच्या वाटेनें ओडिशा व छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येस सरकतात, आणि त्यांच्या नैर्ऋत्य अंगास सर्वांत जोराचा पाऊस पडतो. गोंदिया नेमका या अंगाखालीं येतो. द्रोणी दक्षिणेस आली कीं वाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांस पूर. ती हिमालयाच्या पायथ्याशीं जाऊन बसली कीं तिकडे पूर व इकडे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस उघडीप. येथील १३०० मिलिमीटर पाऊस असा झडींनीं येतो. सरासरीच्या आंकड्यांत हें दिसत नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तो संपतो. सूर्य दक्षिणेकडे वळल्यावर पट्टाहि मागें फिरतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत वर चढणाऱ्या हवेच्या जागीं उतरणारी हवा येते. चार महिने ज्या आकाशांतून पाणी पडत होतें तें कोरडें होतें. याच वेळीं भाताची स्थिति काय असते? हलका धान शंभर ते सव्वाशें दिवसांचा. तो सप्टेंबरांत निसवून जातो. परंतु भारी धान १४० ते १५० दिवस घेतो, आणि त्याची लोंबी बाहेर पडून दाणा भरण्याचा काळ ऑक्टोबरांत येतो. त्या वेळीं बांधींत पाणी नसेल तर पीक उभें दिसतें आणि आंत पोल असतें. झाडीपट्टींतील शेतकरी हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो तो यासाठीं. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतें, म्हणजे वारा माघारीं फिरण्याच्या अगदीं उंबरठ्यावर.

तलावाचें काम येथें सुरू होतें. जुलै-ऑगस्टांत जें पाणी अतोनात येतें व नद्यांवाटे निघून जातें, तें अडवून ऑक्टोबरच्या तीन-चार आठवड्यांस पुरविणें, एवढाच त्याचा उद्देश. या मुलखांतील तलाव पुष्कळ आहेत पण त्यांतील बहुतेक लहान, याचेंहि कारण हेंच. वर्षाचें पाणी सांठवावयाचें नसून एका महिन्याचें सांठवावयाचें आहे. त्यांहून लहान बोड्या तर एका-दोघांच्या शेतापुरत्याच असतात. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांधसारखा तलाव, ज्याचा परीघ इंग्रजी अमदानींत सतरा मैल नोंदला गेला, हा अपवाद. तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें परंपरा सांगते. सातबहिणी डोंगरांमधील खिंडी पाळींनीं जोडून तो केला आहे, आणि कोलू पाटील पुढें कोलासुर या नांवानें देवपणास चढला. कोहळ्यांस चांद्याच्या गोंड राजानें काशीकडून आणलें ही कथा रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. कथेस कागदाचा आधार मिळेल तेव्हां मिळो. पाणी ज्यांस वळवितां येतें त्यांस राजानें मुद्दाम बोलवून जमीन दिली, एवढा तिचा गाभा संभवनीय दिसतो.

येथवरचें विवेचन मान्य केलें तर एक गोष्ट ओघानेंच येते. तलाव हा अनावृष्टीवरचा उपाय नव्हे. वारा लवकर माघारीं फिरण्यावरचा उपाय आहे. हा भेद न केल्यामुळें दुष्काळांच्या चर्चेत मोठा घोटाळा होतो. एक पक्ष म्हणतो, तलाव नीट राखले होते तोंवर झाडीपट्टींत दुष्काळ ठाऊक नव्हता. दुसरा म्हणतो, तलाव असूनहि लोक उपाशी मेले, तेव्हां तलावांची थोरवी फुकाची. दोघेहि दोन निरनिराळ्या वर्षांकडे बोट दाखवीत असतात.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत पावसाळ्याचा पूर्वार्ध चांगला गेला. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस एकाएकीं थांबला, आणि वैनगंगेच्या खोऱ्यांतील व छत्तीसगडांतील भात निसवण्याच्या वेळीं वाळला. हा लवकर माघारीचा दुष्काळ. तलाव ऑगस्टांत भरलेले असावयाचे, म्हणून अशा वर्षीं तलावाखालचें शेत व कोरडवाहू शेत यांत जमीन-अस्मानाचें अंतर पडतें. १८९९ सालची गोष्ट वेगळी. त्या वर्षीं जुलैपासूनच पावसानें पाठ फिरविली. पट्टा जेथें यावयाचा तेथें बळानें आलाच नाहीं. जो तलाव भरलाच नाहीं त्याची पाळ कितीहि मजबूत असली तरी ती शेतास काय देणार? पहिल्या प्रकारच्या वर्षीं तलावाची दुरुस्ती न करणें हा दोष मालकाच्या वा सरकारच्या माथीं मारतां येतो. दुसऱ्या प्रकारच्या वर्षीं प्रश्न धान्याचा सांठा, वसुलीची सक्ति व मदतीची तत्परता यांचा असतो, आणि राज्यकर्त्यांचा हिशेब तेथें विचारला पाहिजे. १८९९ च्या जाबांतून इंग्रज सरकारास तलावांच्या दुरवस्थेच्या आडून सुटतां येत नाहीं, तसेंच १८९६ ची सर्व हानि आकाशाच्या माथींहि मारतां येत नाहीं.

हीं दोन्ही वर्षें, तसेंच १८७७ हें दख्खनच्या महादुष्काळाचें वर्ष, एल निनोचीं होतीं. प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागांतील पाणी नेहमींहून ऊन झालें म्हणजे वर चढणाऱ्या हवेचें बळ तिकडे ओढलें जातें व आपल्याकडील चढ मंदावते. या दुव्याचा शोध हिंदुस्थानच्या दुष्काळांनींच लावविला. १८७५ सालीं हेन्री ब्लॅनफर्ड याच्या हाताखालीं येथील हवामान खातें उभें राहिलें. हिमालयांत बर्फ फार पडल्यास पुढचा पावसाळा अधू होतो असें अनुमान त्यानें १८८४ सालीं प्रसिद्ध केलें. १९०४ ते १९२४ या काळांत खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीं जगभरच्या दाबाचे आंकडे ताडून पाहिले, आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरील दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें आलटून पालटून वरखालीं होतात हें दाखविलें. (त्या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें.) मात्र एल निनो म्हणजे दुष्काळ असें समीकरण कोणीं मांडूं नये. १९९७ सालचा एल निनो अत्यंत प्रबळ होता, आणि त्या वर्षीं देशाचा पाऊस सरासरीइतका झाला.

इंग्रजी अमदानींत १८६० नंतरच्या बंदोबस्तानें मालगुजारास गांवाची मालकी मिळाली व तलाव त्याच्याकडे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सरकारनेंहि बोदलकसा, चोरखमारा यांसारखे तलाव बांधले. पुढें गाढवीवर इटियाडोहाचें धरण झालें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट होऊन १९५१ सालीं तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर गाळ काढण्याचें व पाळ बांधून घेण्याचें काम कोणाचें, हा वाद बराच काळ चालला. गाळानें उथळ झालेला तलाव ऑगस्टांत भरलेला दिसतो, परंतु त्यांतलें पाणी ऑक्टोबरपर्यंत पुरत नाहीं. म्हणजे ज्या एका महिन्यासाठीं तो बांधला तोच महिना हातचा जातो.

ज्यांच्या घरीं मालगुजारीचीं दप्तरें असतील त्यांनीं पुढील दोन नोंदी शोधून पाहाव्या. पहिली, गांवांत हलका धान किती व भारी किती लावला जाई याची. भारी धानाचें प्रमाण हें त्या गांवच्या तलावावरील विश्वासाचें माप आहे. तें कोणत्या वर्षानंतर घटलें हें कळल्यास तलाव केव्हां निकामी होऊं लागला हें कळेल. दुसरी, तलावाचें तोंड शेतांसाठीं कोणत्या दिवशीं उघडलें याची. वाजिब-उल-अर्जांत पाण्याच्या हक्कांची पाळी लिहिलेली असते; तिच्या जोडीस खासगी वह्यांतील तारखा मिळाल्यास वारा कोणत्या वर्षीं किती लवकर परतला याची वेधशाळांपूर्वींची मालिका तयार होऊं शकेल. अशा नोंदी चांद्र तिथींपेक्षां सूर्यनक्षत्रांत असण्याचा संभव अधिक. अधिक मास पडून तिथि ऋतूच्या मानानें पुढें-मागें होते, पण वारा सूर्याच्या मागें जातो. म्हणून सणवार तिथींवर पाळणारा शेतकरी पावसाचा हिशेब मृग, आर्द्रा, मघा, हस्त असा नक्षत्रांवरच ठेवीत आला आहे. तारीख काढतांना एक दुरुस्ती अवश्य करावी. आपलें नक्षत्रमान निरयन असल्यामुळें तें ऋतुमानाच्या मानानें सुमारें ७१ वर्षांत एक दिवस पुढें सरकतें. कोलू पाटलाच्या काळीं, १७०० च्या सुमारास, हस्त नक्षत्र आजच्यापेक्षां चार-साडेचार दिवस आधीं लागत असे. त्या काळच्या कागदांतील नक्षत्राचा दिवस आजच्या पंचांगावरून इंग्रजी तारखेंत मांडल्यास तेवढे दिवस त्यांतून वजा करावे लागतात.